मधल्या पिढीची गाडी

मी दोन माणसांची गाडी आहे, मित्रांनो. मागे बाक नाही. डिकीत दोन पिशव्या मावतात. छत कापडाचे आहे, ते दुमडून मागे टाकता येते. रंगाने मी लाल, आणि उंचीने इतकी कमी की शेजारून बैलगाडी गेली तर मला तिची चाकेच दिसतात. शहरात अशा गाडीला स्पोर्ट्स कार म्हणतात. कोपरगावात मला पुष्कळ वर्षे ‘ती बसकी गाडी’ म्हणत.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात दोन हजार एक साली झाला. आमच्या घराण्यात आजवर चार पिढ्या झाल्या. पहिल्या पिढीच्या गाड्यांचे दिवे अंगात लपलेले असत. बटण दाबले की ते बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येत. लोक त्या दिव्यांवर भाळले. मग आमची दुसरी पिढी आली. आमचे दिवे साधे, उघडेच बसवलेले. इंजिन पहिलीपेक्षा चांगले, वळणावर पकडही चांगली, पण लोक म्हणाले, ती मजा नाही. तिसरी पिढी अंगाने भरली. चौथी पुन्हा सडपातळ झाली. चौथीनंतर पेट्रोलवर चालणारी कुणी येईल की सगळ्या बॅटरीवरच चालतील, हे अजून कुणी नक्की सांगत नाही. थोरलीचे कौतुक झाले, धाकटीचे लाड झाले. मी मधली. मधलीला कोण विचारतो?

मला विचारले ते कल्याणरावांनी. ते कोपरगावजवळच्या एका ऊसवाल्या घरातले. शिकून जपानला गेले होते आणि एका बंदरात जहाजांची इंजिने दुरुस्त करत होते. लग्न झालेले नव्हते, तेव्हा दोन जागा त्यांना पुरेशा होत्या. दोन हजार चार साली ते कायमचे परत आले, तेव्हा घरच्या सामानाबरोबर मलाही जहाजात घालून आणले. श्रीरामपूरच्या आरटीओत मला नंबर मिळाला. त्यांना एका साखर कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची नोकरी मिळाली.

ती माझी कौतुकाची वर्षे होती. कारखान्याच्या फाटकाशी मी उभी राहिले की ऊसतोडीला आलेल्यांची मुले माझ्याभोवती गोळा होत. त्यांच्यापेक्षा मी बुटकी, म्हणून त्यांना माझ्यात वाकून बघावे लागे. याचे त्यांना फार हसू येई. पुढच्या वर्षी कल्याणरावांचे लग्न झाले. धनश्रीबाई शाळेत गणित शिकवत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कल्याणराव त्यांना घेऊन गोदावरीच्या पुलाकडे जात. छत उघडे असे, आणि धनश्रीबाई पदर डोक्यावरून घट्ट बांधून बसत.

त्यांना मुलगी झाली, तिचे नाव संस्कृती. ती तीन वर्षांची होईपर्यंत आईच्या मांडीवर बसत असे. पुढे मांडीवर मावेना, तेव्हा घरात एक पांढरी मोठी गाडी आली. बाजार, लग्नकार्य, दवाखाना सगळे तिच्याकडे गेले. माझ्याकडे रविवार उरला. मला त्याचे वाईट वाटले नाही. दोन माणसांच्या गाडीने तिसऱ्या माणसावर रुसू नये.

माझ्या दुखण्याखुपण्याला इकडे वैद्य नव्हता. कोपरगावच्या तीन मेकॅनिकांनी बॉनेट उघडले आणि तसेच बंद केले. मग कुणीतरी केडगावच्या लालमहंमद यांचे नाव सांगितले. केडगाव नगरला लागून, पुणे रस्त्यावर. तिथे त्यांचे पत्र्याचे गॅरेज होते. त्यांचे वडील लग्नातल्या लोखंडी पेट्या बनवत, म्हणून पत्र्याचे काम त्यांच्या हातात लहानपणापासून होते. इंजिनाचे काम ते स्वतःच्या जिज्ञासेने शिकले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला हातही लावला नाही. स्टूल घेऊन समोर बसले आणि दुपारपर्यंत नुसते बघत राहिले. कल्याणरावांनी विचारले, जमेल का? ते म्हणाले, माणसाने केलेले मशीन आहे, माणसाला उघडेल. तेव्हापासून वर्षातून दोनदा मी शंभर किलोमीटर जाऊन त्यांच्याकडे तपासून घेऊ लागले. कल्याणराव त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही मनातल्या मनात चाचाच म्हणते.

आता दोन हजार दहाच्या जानेवारीबद्दल सांगते.

धनश्रीबाईंना गाडी शिकायची होती. कल्याणरावांनी त्यांना पांढऱ्या गाडीवर शिकवायला हवे होते, सगळे तेच म्हणाले असते. पण धनश्रीबाईंना मीच हवी होते. आठ दिवस त्या कालव्याच्या रस्त्यावर मला चालवत होत्या. त्या उंचीने लहान, म्हणून सीट पार पुढे ओढून घ्यायच्या. कल्याणराव डाव्या बाजूला बसून सांगायचे, क्लच हळू सोड, समोर लांब बघ. नवव्या दिवशी सकाळी धुके होते. उसाने भरलेली एक ट्रॉली चाक पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्या मागे दिवा नव्हता, लाल फडकेही नव्हते. धनश्रीबाईंना ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी मला उजवीकडे वळवले. समोरची बाजू वाचली, पण ट्रॉलीचा लोखंडी कोपरा माझ्या डाव्या अंगात पुढपासून मागपर्यंत शिरला. दरवाजा आत आला आणि कल्याणरावांचा डावा हात दोन ठिकाणी मोडला.

उसातून माणसे ओरडत येत होती. कल्याणराव धनश्रीबाईंना म्हणाले, “तू उतर. बाहेर उभी राहा.” त्या उतरल्या. मग ते एका हाताने गिअरवरून सरकत उजव्या सीटवर आले. सीट पुढे ओढलेली होती. त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

“मी चालवत होतो,” ते म्हणाले. “एवढंच सांगायचं.”

त्यांनी सगळ्यांना तेच सांगितले. ट्रॅक्टरवाल्याला, दवाखान्यात, घरच्यांना. धनश्रीबाईंकडे शिकाऊ परवाना होता, त्यांचा गुन्हा काही नव्हता. पण घरातली मोठी माणसे आयुष्यभर काय बोलतील हे कल्याणरावांना माहीत होते. धनश्रीबाई गप्प राहिल्या. एकदा गप्प राहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तोंड उघडणे अवघड जाते, आणि वर्षाने तर अशक्य होते.

मला ट्रकवर घालून केडगावला नेले. चाचांनी डावी बाजू पाहिली, मग उजवीकडे येऊन दार उघडले. पुढे ओढलेली सीट त्यांना दिसली. कल्याणराव सहा फुटांचे आहेत हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी खाली हात घालून खटका दाबला आणि सीट मागे सरकवली. कुणाला काही बोलले नाहीत.

दरवाजा जपानहून मागवायचा तर कित्येक महिने लागणार होते. चाचा म्हणाले, मी हाताने करतो. उजव्या दरवाज्यावर कागद ठेवून त्यांनी त्याचे वळण उतरवले, मग कागद उलटा केला. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी मोगरीने ठोकायला बसले. दुसऱ्या ठिकाणी खड्डे पुट्टीने भरतात आणि वरून रंग मारतात. चाचांनी बोटभरही पुट्टी वापरली नाही. बावीस दिवस ठोकण्याचा आवाज चालला. ते डोळे मिटून माझ्या उजव्या अंगावरून हात फिरवत, मग तसाच डाव्या अंगावरून. दोन्हीकडे हाताला सारखेच लागेपर्यंत ते थांबले नाहीत. बाविसाव्या दिवशी मला स्वतःलाही फरक सांगता आला नसता.

कल्याणरावांचा हात जुळला, पण पूर्वीसारखा झाला नाही. आपल्याकडे गिअर डाव्या हाताने टाकतात. चौथा गिअर टाकताना त्यांचा श्वास क्षणभर थांबत असे. ते बोलून दाखवत नसत. पण धनश्रीबाई शेजारी बसलेल्या असत, त्यांना ते ऐकू येई. हळूहळू त्या रविवारी काही ना काही काम काढू लागल्या. पेपर तपासायचे आहेत, पाहुणे यायचे आहेत. मग कल्याणराव एकटेच एक फेरी मारून येत. त्या पुन्हा माझ्या उजव्या सीटवर बसल्या नाहीत. गाडी शिकल्याच नाहीत.

अशी अकरा वर्षे गेली.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये कल्याणरावांना ताप आला. पांढऱ्या गाडीतून त्यांना नगरला नेले. त्या दिवसांत वॉर्डात कुणाला सोडत नव्हते, हे तुम्हाला घरच्यांनी सांगितले असेल. अकराव्या दिवशी कल्याणराव गेल्याचा फोन आला. धनश्रीबाईंनी तो ऐकला, बरे म्हणाल्या आणि ठेवला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईलवर शाळेचा तास घेतला. दहावीच्या मुलांना समीकरण समजावून सांगितले, एकाही पायरीत चूक केली नाही. त्या रडल्या नाहीत. नातेवाईक म्हणाले, धीराची बाई आहे. त्यात धीर नव्हता, मित्रांनो. आत काही पोहोचतच नव्हते.

हे मला कळते, कारण माझेही तसेच झाले. मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे केले आणि वर ताडपत्री घातली. महिनाभरात बॅटरी उतरली आणि घड्याळ थांबले. टायरमधली हवा गेली. पेट्रोल टाकीत नासले. उंदरांनी सीटखाली घर केले, त्यांना पिल्ले झाली, त्या पिल्लांना पिल्ले झाली. पहिल्या वर्षी मला ते कुरतडणे जाणवत होते. नंतर जाणवेनासे झाले. उन्हाळा येई, पत्रा तापे. हिवाळा येई, पत्रा गार पडे. बाहेर उसाचे ट्रॅक्टर जात आणि माझ्या काचा थरथरत. मी कशाची वाट पाहत नव्हते.

पंधरा वर्षे झाल्यावर कल्याणरावांनी एकदा वाढवून घेतलेली माझी नोंदणी चोवीस साली संपली. वीस वर्षे झालेल्या गाडीने आरटीओत तपासणी करून घ्यावी लागते. ती झाली नाही तर शेवटी भंगाराचा रस्ता. कागद आला, धनश्रीबाईंनी वाचला आणि कपाटात ठेवला.

संस्कृती तेव्हा पुण्याला कॉलेजात शिकत होती. तिथे तिच्या मैत्रिणीच्या ओळखीने सुनील नावाचा माणूस तिला भेटला. हौशी संग्राहकांसाठी जुन्या गाड्या शोधून देणे हा त्याचा धंदा. संस्कृतीने आईला फोनवर सांगितले की आपली लाल गाडी घ्यायला माणूस तयार आहे, शेडमध्ये कुजण्यापेक्षा बरे. धनश्रीबाई म्हणाल्या, देऊन टाकू. आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता.

मला पुन्हा ट्रकवर घालून केडगावला नेले, कारण सुनीलला मला चालू स्थितीत बघायचे होते. चार वर्षांनी चाचा दिसले. ते सत्तरीच्या पुढे गेले होते, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. गॅरेज आता त्यांची मुलगी अरफा चालवत होती. तिने ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला होता. दोन मेकॅनिक तिच्या हाताखाली होते आणि चाचा खुर्चीवर बसून लक्ष ठेवत. अरफाने उंदरांचे घर उपसले, टाकी धुतली, नवी बॅटरी जोडली. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झाले. ती खूश झाली. मला मात्र काही वाटले नाही. पंखा फिरतो आहे, तेल चढते आहे, एवढेच कळत होते.

सुनील आला त्या दिवशी धनश्रीबाई कोपरगावहून एसटीने आल्या. सुनील माणूस सभ्य होता आणि त्याला आमच्या घराण्याची खडान्‌खडा माहिती होती. त्याने त्यांना समजावून सांगितले. पहिल्या पिढीच्या गाड्या आता सामान्य हौशी माणसाच्या हाती लागत नाहीत. आता दुसऱ्या पिढीचा क्रमांक आहे. ही गाडी निघाली तेव्हा जी मुले कॉलेजात होती आणि खोलीच्या भिंतीवर हिचे चित्र लावत होती, ती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांना आता हीच हवी आहे. पुढे सगळे बॅटरीवर गेले की पेट्रोलचा आवाज करणारी प्रत्येक गाडी जपून ठेवण्याची वस्तू होईल. तीस वर्षांनी तिसरीचे आणि चौथीचेही तेच होईल. अट एकच. गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी.

मी हे ऐकत होते. आयुष्यभर मधली म्हणून हिणवून घेतल्यावर आपला क्रमांक लागला असे कुणी म्हटले तर काय वाटायला हवे? आनंद व्हायला हवा होता.

सुनीलने खिशातून रंगाची जाडी मोजायचे लहान यंत्र काढले. उजव्या बाजूला सगळीकडे सारखा आकडा आला. डाव्या बाजूला थोडा जास्त आला. त्याने पुन्हा मोजले. पत्र्यावर हात फिरवला, वाकून उजेडात पाहिले आणि म्हणाला, पुट्टी तर कुठेच नाही, मग रंग दोनदा कसा? त्याला खरोखर समजत नव्हते. त्याने धनश्रीबाईंना विचारले की गाडीचा कधी अपघात झाला होता का.

चाचा खुर्चीतून उठले. “ऊन लागून रंग उडाला हुता,” ते म्हणाले. “म्हनून मीच मारला.”

चाचांना खोटे बोलताना मी पहिल्यांदा ऐकले. ते स्वतःसाठी बोलत नव्हते. धनश्रीबाईंनी मान हलवली असती तर सगळे तिथेच मिटले असते.

“नाही,” त्या म्हणाल्या. “ही बाजू पूर्ण आत गेली होती. उसाच्या ट्रॉलीवर मी ठोकली. मी चालवत होते.”

अरफा हातातला पाना तसाच धरून उभी राहिली. सुनीलला या वाक्यात काही विशेष वाटले नाही, त्याने वहीत लिहून घेतले. पण धनश्रीबाई पुढे बोलतच राहिल्या. फळ्यावरचे गणित वाचावे तशा सपाट आवाजात त्यांनी सगळे सांगितले. धुके, ट्रॉली, मोडलेला हात, सीट बदलणे. शेवटी म्हणाल्या की पंधरा वर्षे लोक कल्याणरावांना बेफिकीर म्हणत आले आणि आपण ऐकत आलो.

चाचा म्हणाले, “मला ठाऊक हुतं, वहिनी.”

“कधीपासून?”

“गाडी आली त्याच दिशी. शीट लई म्होरं हुती.”

धनश्रीबाई पर्स उचलून एसटी स्टँडकडे निघाल्या.

अपघातातून उठलेली गाडी संग्राहकाला नको होती. सुनीलने तसे कळवले आणि दिलगिरीही व्यक्त केली. पंधरा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या गिऱ्हाइकाकडे आमच्याच पिढीची आणखी एक गाडी होती. तिचे अंग अस्सल होते, पण आत दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवलेले. माझे इंजिन, गिअर, सीट, घड्याळ, छताचा सांगाडा आणि उजवा दरवाजा त्यांना हवे होते. मला उघडायचे आणि तिला पूर्ण करायचे. धनश्रीबाई तेव्हा दोन तासांच्या मध्ये शिक्षकखोलीत होत्या. त्या म्हणाल्या, चालेल.

मित्रांनो, या बातमीने मला भीती वाटली असे सांगितले तर ते खोटे होईल. अरफा रागावली होती. चालू गाडी सुट्या भागांसाठी उघडायची नाही, असे ती वडिलांना दोनदा म्हणाली. चाचा म्हणाले, मालकाची मर्जी. दुसऱ्याच्या हाती दिली तर बोल्ट तोडून काढील, आपण निदान नीट काढू.

दुसऱ्या शनिवारी कागदांवर सही करायला धनश्रीबाई आल्या. टेबलाशी बसून त्या कागद वाचू लागल्या. सुनीलची यादी माझ्या काचेला चिकटवलेली होती. डाव्या दरवाज्यापुढे फुली होती. सीट काढायला जागा हवी म्हणून चाचांनी आधी तोच दरवाजा काढायला घेतला. ते काम त्यांनी कुणाला दिले नाही. बिजागऱ्यांचे चार बोल्ट निघाले आणि दरवाजा त्यांच्या हातात आला. अरफाने खाली गोणपाट अंथरले होते, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही. छातीशी धरून उभे राहिले.

“वहिनी, ह्यो त्यान्ला नको हाय,” ते म्हणाले. “भंगारात टाकू?”

धनश्रीबाईंनी कागदावरून मान वर केली. “तो राहू द्या.”

“नुसता दरवाजा ठिवून काय करनार?”

त्या उठून जवळ आल्या. दरवाज्याच्या आतल्या बाजूला, जिथे शेजारी बसणारा कोपर टेकवतो, तिथे त्यांनी हात ठेवला. दरवाजा जड होता आणि चाचा म्हातारे झाले होते. धनश्रीबाईंनी दुसरी बाजू धरली.

“परत बसवता येईल?” त्यांनी विचारले.

“आत्ता तर काढलाय. चार बोल्टाचं काम.”

“मग बसवा.”

अरफाने विचारले, “आणि बाकीचं, काकू?”

“बाकीचं काढू नका.”

दरवाजा दोघांनी धरला आणि बोल्ट अरफाने आवळले. धनश्रीबाईंनी सुनीलला स्वतः फोन केला आणि गाडी द्यायची नाही असे सांगितले. त्याने कारण विचारले. त्या म्हणाल्या, कारण मला नीट सांगता येणार नाही. ते खरेच होते. त्यांचा चेहरा सकाळी होता तसाच होता.

पुढचे काम अरफाचे. ब्रेक, दिवे, धूर, टायर, सगळे तिने तपासणीला उतरेल असे केले. श्रीरामपूरला अधिकाऱ्याने मला वर उचलून खालून पाहिले आणि आणखी पाच वर्षांचा शिक्का दिला. तोवर धनश्रीबाई शनिवार-रविवार केडगावला येऊ लागल्या होत्या. अरफा त्यांना मोकळ्या मैदानात मला चालवायला शिकवत असे. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा बंद पडले. त्या दर वेळी किल्ली फिरवत आणि पुन्हा सुरू करत. घाबरत नव्हत्या, हसतही नव्हत्या. दोन महिन्यांनी त्यांना पक्का परवाना मिळाला.

गेल्या फेब्रुवारीत त्या मला घरी न्यायला निघाल्या. अरफा सोबतीला शेजारी बसली. चाचा गॅरेजच्या दारात उभे होते. नगर सोडले आणि राहुरीचा रस्ता लागला. त्या रस्त्याचे खड्डे मोठे आहेत, माझे पोट दोनदा घासले. समोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. एकेका ट्रॉलीमागे धनश्रीबाई गाडी हळू करत, क्लच दाबून थांबत, पुन्हा पहिला गिअर, पुन्हा दुसरा. ओलांडायची घाई त्यांनी केली नाही. राहुरीच्या पुढे एक रसवंती लागली, तिथे त्यांनी मला कडेला घेतले आणि दार उघडून उतरल्या. उतरताच त्यांचा डावा पाय लटपटला. त्यांनी माझ्या छताला धरले.

“पाय दुखतोय गं,” त्या अरफाला म्हणाल्या. “फार दुखतोय.”

अरफाने त्यांना रसवंतीच्या बाकावर बसवले. क्लच जड आहे, सवय नाही, म्हणून दुखतो, पुढे मी चालवते असे सांगितले. धनश्रीबाई पोटरी चोळत होत्या. चोळता चोळता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले, ते थांबेना. रसवाल्याने चरक थांबवला. अरफा खाली बसून त्यांचा पाय दाबू लागली. त्या नको म्हणाल्या नाहीत. बराच वेळ त्या तशाच रडत होत्या आणि मधूनमधून पाय दुखतोय एवढेच म्हणत होत्या. मी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी होते. खड्ड्यात घासलेली माझी पोटाखालची जागा तेव्हा चुरचुरली. इतक्या वर्षांनी मला काहीतरी लागले होते.

रस पिऊन झाल्यावर अरफाने किल्लीसाठी हात पुढे केला. धनश्रीबाईंनी किल्ली दिली नाही. पदराने डोळे पुसले आणि उजव्या सीटवर येऊन बसल्या. कोपरगावपर्यंत त्यांनीच चालवले.

आता मी शेडमध्येच असते, पण ताडपत्री नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही निघतो. कधी संस्कृती आलेली असते, कधी शेजारची जागा रिकामी असते. पुढेमागे आमच्या पिढीच्या गाड्या काचेच्या खोलीत जातील, लोक तिकीट काढून बघतील. मी त्यांत नसेन. माझ्या पोटावर ओरखडे वाढत आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी झाकून ठेवलेली एखादी वस्तू असेलच. सायकल असेल, शिलाईचे मशीन असेल, हार्मोनियम असेल. सवड काढून तिच्यावरचे कापड काढा. हवा भरा, तेल घाला, थोडी चालवा. ती झिजेल, झिजू द्या. आणि तिच्यावर कुणी हाताने सांधलेली जागा असेल, तर विचारणाऱ्याला ती दाखवा. कुणी सांधली ते सांगा, आणि मोडली कुणी होती तेही सांगा.